पक्के घर आणि निरोगी घर: निवास, परिसर व आरोग्य



जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, जमीन कशाची, हे विचारून नोंदवतो. विटा, दगड, सिमेंट, काँक्रीट असे उत्तर आले की घर ‘पक्के’ ठरते. गवत, बांबू, माती असे आले की ‘कच्चे’. सरकारी योजनांची भाषाही साधारण हीच असते: इतकी कच्ची घरे होती, त्यांपैकी इतकी पक्की झाली. भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो का, रात्री दार-खिडकी लावल्यावर आत किती माणसे झोपतात, शेजारच्या इमारतीची भिंत किती हातांवर आहे, हे प्रश्न या वर्गीकरणात बसत नाहीत. या पाठात आपण अशाच प्रश्नांकडे पाहणार आहोत.

एक आकडा आधी लक्षात घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती, आणि आणखी ४ टक्के कुटुंबांकडे स्वतंत्र म्हणावी अशी एकही खोली नव्हती. म्हणजे दर पाचांतील दोन कुटुंबांत स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, बाळंतपणानंतरची विश्रांती आणि सगळ्यांची झोप हे सारे एकाच छताखाली, चार भिंतींच्या आत. एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसे राहत असतील तर ती दाटी समजावी, असा संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेचा निकष आहे. आपल्याकडच्या चार-पाच माणसांच्या एकखोली घराला तो लावून पाहा.

‘घराचा आरोग्यावर परिणाम होतो’ हे विधान कोणीही मान्य करील, आणि म्हणूनच ते एकटे फारसे कामाचे नाही. अभ्यासकाने विचारायचा प्रश्न असा: घर माणसाच्या शरीरात कोणत्या वाटेने शिरते? हवेतून, पाण्यातून, डासा-माशांतून, जमिनीतून, उष्णतेतून, की शेजारच्या कारखान्यातून आणि कचऱ्याच्या डेपोतून? वाट चुकीची धरली तर घर बदलूनही रोग बदलत नाही. आपल्याच देशात याचा एक मोठा धडा मिळालेला आहे.

१८९६ ची मुंबई

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा, म्हणजे ब्युबॉनिक प्लेगचा, रुग्ण ओळखला. मांडवी बंदराला लागून होती. खाली धान्याची गोदामे, वर माणसांनी भरलेल्या खोल्या आणि मधल्या अरुंद गल्ल्यांत उघडी गटारे. रोग घरांशी जोडलेला आहे, हे सगळ्यांना दिसत होते. एका घरात एक माणूस दगावला की पाठोपाठ दुसरा दगावायचा.

पण त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या मनात अजून ‘दूषित हवा’ आणि ‘घाण’ हीच कारणे ठाण मांडून होती. त्यामुळे गटारांतून पाणी सोडण्यात आले, भिंतींना चुना मारण्यात आला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढण्यात आली, आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशा खुणा करण्यात आल्या. १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने उंदरावरची पिसू हा प्लेगचा वाहक असल्याचे दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. मांडवीतल्या घरांचा दोष खराच होता, पण तो गोदामातल्या धान्यात आणि त्यावर पोसल्या जाणाऱ्या उंदरांत होता. नुसत्या वासाला आणि अंधाराला दोष देऊन भागणार नव्हते.

त्याच वर्षी, १८९८ मध्ये, शहराची दाटी कमी करण्यासाठी ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने समुद्राचे वारे शहरात खेळावे म्हणून रुंद रस्ते पाडले आणि गलिच्छ ठरवलेल्या वस्त्या जमीनदोस्त केल्या. मात्र पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त होता. ज्यांची घरे गेली ती माणसे कामाच्या ठिकाणापासून लांब जाऊ शकत नव्हती, म्हणून ती शेजारच्या वस्त्यांत शिरली आणि तिथली दाटी वाढली. झोपडपट्टी हटवण्याच्या कोणत्याही योजनेचा विचार करताना हा प्रसंग आठवावा. सव्वाशे वर्षांनंतरही त्याचा सांगाडा फारसा बदललेला नाही.

मानखुर्द-गोवंडी: पक्क्या इमारतीतला क्षयरोग

आता त्याच शहराच्या पूर्व टोकाला या. मुंबई महापालिकेचा ‘एम पूर्व’ विभाग म्हणजे मानखुर्द, गोवंडी, देवनार हा पट्टा. शहराचा जुना कचरा डेपो इथेच आहे. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या, अशा हजारो कुटुंबांचे पुनर्वसनही याच विभागात झाले. झोपडीच्या बदल्यात त्यांना साधारण २२५ चौरस फुटांचे, स्वतःचे संडास-न्हाणीघर असलेले, सिमेंट-काँक्रीटचे घर मिळाले. जनगणनेच्या भाषेत ही कुटुंबे कच्च्यातून पक्क्यात आली.

‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी या विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींची तुलना केली: लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत. पहिल्या दोन वसाहतींत इमारती उंच आणि एकमेकींना खेटून आहेत. काही ठिकाणी दोन इमारतींमधले अंतर जेमतेम ३ मीटर. पीएमजीपी वसाहत जुनी आहे, तिच्या इमारती ठेंगण्या आहेत आणि मधल्या जागा मोकळ्या आहेत. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दहातल्या एका कुटुंबात क्षयरोगाचा रुग्ण आढळला. पीएमजीपीमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. संशोधकांनी संगणकावर प्रतिकृती करून कोणत्या मजल्यावर किती उजेड आणि किती वारा पोहोचतो, हेही तपासले.

इथे ३ मीटर या आकड्यावर थोडे थांबू या, कारण वास्तुरचना आणि वागणूक कशी एकमेकांत गुंतते ते यातून कळते. समोरच्या इमारतीची खिडकी ३ मीटरवर आली की पहिली गोष्ट होते ती ऊन अडण्याची. खालच्या मजल्यांवर तर दिवसाही ट्यूबलाइट लागते. दुसरी गोष्ट अशी की समोरच्या घरातला माणूस थेट आपल्या घरात पाहू शकतो. मग बायका कपडे बदलायला, अंगावर पाजायला खिडकी बंद करतात, आणि हळूहळू तिला कायमचा पडदा किंवा पुठ्ठा लागतो. तिसरे, दोन इमारतींमधल्या त्या अरुंद पट्टीत झाडूवाला धड शिरू शकत नाही, वरून टाकलेला कचरा तिथेच कुजतो, सांडपाण्याचा पाइप फुटला तर तोही तिथेच वाहतो. दुर्गंधी आणि डास नकोत म्हणून उरलीसुरली खिडकीही लावली जाते. घरांची मांडणी मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे समोरासमोर खिडक्या नसतात आणि वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जाण्याची सोयच नसते. एवढे झाल्यावर ‘रहिवाशांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात’ असा आरोग्य शिक्षणाचा फलक लावणे म्हणजे नकाशातली चूक रहिवाशाच्या माथी मारणे होय.

नकाशात ही चूक आली कशी? साधारण नियम असा असतो की इमारत जितकी उंच, तितकी तिच्याभोवतीची मोकळी जागा अधिक. पुनर्वसनाच्या इमारतींना या नियमांतून सवलती दिल्या गेल्या, म्हणजे थोड्या जमिनीवर अधिक कुटुंबे बसतील आणि उरलेली जमीन किंवा बांधकामाचा हक्क विकून योजनेचा खर्च निघेल. सवलतीची किंमत कोणाच्या फुप्फुसातून वसूल झाली, हा हिशेब त्या कागदांवर नव्हता.

हवेचा हिशेब

क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, बोलतो, गातो तेव्हा बारीक तुषार बाहेर पडतात. ते सुकले की १ ते ५ मायक्रॉन आकाराचे कण उरतात. इतके हलके कण जमिनीवर लगेच बसत नाहीत, कोंडलेल्या हवेत काही तास तरंगत राहतात. शेजारी झोपलेल्या माणसाला लागण होण्याची शक्यता दोन गोष्टींवर ठरते: हवेत कण किती दाट आहेत आणि तो माणूस ती हवा किती वेळ घेतो. झोप म्हणजे रोजचे सात-आठ तास. थेट सूर्यप्रकाशातले अतिनील किरण हा जंतू लवकर मारतात, अंधाऱ्या जागी तो बराच काळ टिकतो.

आता एक साधे गणित करू. २२५ चौरस फूट म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर. छताची उंची २.७५ मीटर धरली तर घरात जवळजवळ ५७ घनमीटर हवा मावते. घरात पाच माणसे आहेत असे समजा. दारे-खिडक्या लावलेल्या स्थितीत घरातली हवा तासाला एकदा बदलत असेल, तर प्रत्येक माणसाच्या वाट्याला तासाला ११ घनमीटरांहून थोडी अधिक, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लिटर ताजी हवा येते. कोविडच्या साथीत, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने घरांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताज्या हवेची शिफारस केली होती. तेवढी मिळवायची तर या घरातली हवा तासाला तीनपेक्षा थोडी अधिक वेळा बदलायला हवी. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असतील आणि बाहेर वारा असेल तर हे सहज होते. एकाच बाजूला एक खिडकी, तिच्यासमोर ३ मीटरवर भिंत आणि वर पुठ्ठा असेल तर होत नाही.

गणितातली एक गोष्ट मुद्दाम पाहा. घराचे क्षेत्रफळ २२५ वरून ३०० चौरस फूट केले तरी हवा बदलण्याचा वेग तोच राहिला तर माणशी ताजी हवा सेकंदाला ४ लिटरांच्या आसपासच पोहोचते. पुनर्वसनाच्या राजकारणात घर किती चौरस फुटांचे द्यायचे यावर खूप भांडण होते आणि ते योग्यही आहे. खिडकी कुठे असावी यावर मात्र कोणी मोर्चा काढल्याचे दिसत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण व दमट प्रदेशासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी खिडकी-झरोक्यांची जागा सांगितली आहे, पण ती खिडकी कशासमोर उघडते यावर सगळे अवलंबून आहे.

इतर वाटा

हवेची वाट सविस्तर पाहिली, कारण ती नजरेला सर्वांत कमी दिसते. बाकीच्या थोडक्यात पाहू.

बिहार, झारखंड आणि पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात काळा आजार पसरवणारी वालुमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर जमिनीत वाढते. ती फार उंच वा लांब उडत नाही. म्हणून तिथे भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी होते, आणि भिंतींचे गिलाव्याने भेगा बुजवणे हेसुद्धा एक आरोग्यकार्यच ठरते. इथे पक्की भिंत खरोखर उपयोगी पडते.

जमिनीचेही तसेच. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात गरीब घरांतल्या मातीच्या जमिनीवर सरकारने सिमेंटचा थर घालून दिला. अर्थशास्त्रज्ञांनी तोरेओन या शहराची तुलना सीमेपलीकडच्या, दुसऱ्या राज्यातल्या आणि योजना न पोहोचलेल्या जुळ्या शहरांशी केली. मातीच्या जागी पूर्ण सिमेंटची जमीन आलेल्या घरांत मुलांमधील जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अंदाज आहे. आईच्या मनावरचा ताणही कमी झालेला दिसला. आपल्याकडची शेणाने सारवलेली जमीन उन्हाळ्यात गार लागते आणि अनेकांना प्रिय आहे. रांगणारे मूल मात्र तोच हात तोंडात घालते.

पाण्याच्या बाबतीत घराइतकाच परिसर बोलतो. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा, असे सांगितले जाते ते यामुळे. पण नळाला दोन-तीन दिवसांआड तासभर पाणी येत असेल तर पिंप भरून ठेवण्यावाचून बाईला इलाज नसतो. त्या पिंपाला घट्ट झाकण असणे आणि नळाला रोज पाणी असणे, या दोन्ही गोष्टी डेंग्यूच्या प्रतिबंधात मोजायला हव्यात.

चुलीच्या धुराचा विषय भारतातच नीट मोजला गेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील गावांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले आणि ‘प्रदूषण म्हणजे शहराचे’ ही समजूत हलली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी घरोघरी नेली. मात्र सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की शेगडीशेजारी चूलही पेटते, आणि धूर दोन्ही घरांत, आपल्या आणि शेजाऱ्याच्या, जातो.

उष्णता ही नव्याने लक्षात आलेली वाट. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंश सेल्सियसवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांत छपरांना पांढरा रंग देण्याचे काम घेतले. पत्र्याचे छप्पर दिवसा भाजते पण सूर्यास्तानंतर लवकर निवते. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खोलीत सोडतो. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या ‘पक्क्या’ घरात रात्रीची झोप लागत नाही, याचे कारण हे आहे.

कारण घर, की गरिबी?

इथपर्यंत वाचून तुमच्या मनात शंका आली असेल, आणि ती यायलाच हवी. दाट वस्तीत राहणारा माणूस गरीबही असतो, त्याचे पोट अर्धे असते, तो धुळीत काम करतो, डॉक्टरकडे उशिरा जातो. मग दोष घराचा कसा ठरवायचा? झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. घरे तीच, खिडक्या त्याच. फरक ताटात पडला होता. लागण होणे आणि रोग होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. लागण झालेल्या बहुतेकांना जन्मभर रोग होत नाही. कोंडलेली हवा मुख्यतः पहिल्या पायरीवर काम करते, कुपोषण दुसरीवर.

मानखुर्दची तुलना मोलाची ठरते ती यासाठी की तिन्ही वसाहती एकाच विभागातल्या, पुनर्वसनाच्या आणि कमी उत्पन्नाच्या आहेत. पुष्कळ गोष्टी सारख्या ठेवून मांडणीतला फरक समोर येतो. तरीही ही एका वेळची पाहणी आहे. कोणते कुटुंब कुठून आले, आधीपासून रुग्ण होता का, या प्रश्नांमुळे तिच्यावरून कार्यकारणाचा शेवटचा शब्द काढू नये. याहून भक्कम पुरावा हवा तर घरे चिठ्ठ्या टाकून वाटावी लागतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात पाच शहरांत जवळजवळ तसेच केले गेले: सार्वजनिक घरांतील काही हजार कुटुंबांपैकी काहींना सोडतीने कमी गरीब परिसरात राहायला जाण्याची मदत मिळाली. १० ते १५ वर्षांनी पाहिले तेव्हा त्या गटातील स्त्रियांत तीव्र स्थूलता आणि मधुमेह काहीसा कमी आढळला. इथे फक्त परिसर बदलला होता. आपल्याकडे सरकारी घरांचे वाटप अनेकदा सोडतीनेच होते. संशोधनासाठी ही चालून आलेली संधी आहे आणि पदव्युत्तर अभ्यासाला जाणाऱ्यांनी ती नजरेत ठेवावी.

स्वाध्याय

तुमच्या वसतिगृहाची किंवा घरातली झोपण्याची एक खोली निवडा. टेपने लांबी, रुंदी, उंची मोजा आणि हवेचे घनफळ काढा. रात्री तिथे झोपणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. खिडकीची उघडणारी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या किती भाग आहे, हे काढा आणि खिडकीसमोर पहिला अडथळा किती मीटरवर आहे हे लिहा. दुसऱ्याच्या घरात मोजणी करणार असाल तर आधी विचारा, छायाचित्रे काढू नका आणि घराचा पत्ता नोंदवू नका. आजाराविषयीचे प्रश्न तर त्या माणसाने स्वतः विषय काढल्याशिवाय विचारूच नका. शेवटी, रात्री ती खिडकी बंद असते का आणि का, हे तिथे राहणाऱ्याला विचारा. डास, चोर, थंडी, वास, समोरची नजर, पाऊस, कुलूप नसलेली कडी, जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. कारणांची ही यादी पुढच्या तासाला घेऊन या.